माध्यम कंपन्यांच्या विलीनीकरणातली बचत नेमकी कोणाच्या पगारातून होते?

प्रश्न : बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एका मोठ्या माध्यमसमूहाचे थोडेफार शेअर आहेत, आणि माझ्या चुलत भावाची मुंबईतल्या एका वाहिनीतली नोकरी विलीनीकरणानंतरच्या कपातीत गेली. म्हणजे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू आमच्या एकाच घरात आहेत. त्यामुळे हा प्रश्न मी रागाने विचारत नसून मला त्याचे खरे उत्तर हवे आहे.

अमळनेरच्या माणसाला शेअरबाजाराविषयी उगाच तिटकारा नसतो. १९४५ मध्ये येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही तेल आणि वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी ते शेअर पिढ्यान्‌पिढ्या न विकता जपले त्यांची मुले त्या पैशावर शिकली, त्यांच्या मुलींची लग्ने झाली. त्याच गावाने प्रताप मिलही बंद पडताना पाहिली. तिच्या कामगारांकडे शेअर नव्हते, फक्त नोकरी होती, आणि ती गेल्यावर त्या कुटुंबांचे काय झाले हेही गावाला ठाऊक आहे. भागधारकाला नफा मिळू नये असे म्हणण्याचा माझा विचार नाही. नफा कशातून आला, हे भागधारकाने विचारावे की नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

विलीनीकरणाच्या योजनेची जी जाडजूड नोटीस मला भागधारक म्हणून आली, तिच्यात शेअरच्या अदलाबदलीचे प्रमाण, मूल्यांकन अहवाल, कर्जाचा तपशील हे सारे पानोपानी होते. कर्मचाऱ्यांविषयी मात्र एकच परिच्छेद होता : सर्व कर्मचारी सेवेत खंड न पडता नव्या कंपनीत जातील आणि त्यांच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी लाभाच्या नसतील. त्याच सुमारास गुंतवणूकदारांसमोर केलेल्या सादरीकरणात मात्र दोन-तीन वर्षांत खर्चात मोठी बचत होईल असे आश्वासन दिलेले होते. माध्यम कंपनीचा मोठा खर्च माणसांवरच होतो. मग ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात? आणि माझ्यासारख्या लहान भागधारकाने अशा योजनेच्या बाजूने मत द्यावे का?

उत्तर : ताळेबंद (जळगाव)

बोरीकाठ, आपण ज्या दोन विधानांचा उल्लेख केला आहे ती दोन्ही कायद्याच्या दृष्टीने खरी असतात, आणि खरी अडचण तीच आहे. योजनेतले आश्वासन विलीनीकरण अमलात येण्याच्या दिवसापुरते असते. त्या दिवशी कोणाचीही नोकरी जात नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, नव्या कंपनीच्या ‘पुनर्रचने’त ती जाते, आणि तोपर्यंत योजना मंजूर होऊन फाईल बंद झालेली असते.

व्यवसायाने मी ताळेबंद तपासणारा माणूस आहे, म्हणून बचत कोठून येते ते सविस्तर सांगतो. दोन प्रसारण कंपन्या एकत्र येतात तेव्हा उत्पन्न लगेच वाढत नाही, कारण प्रेक्षक तेच असतात आणि जाहिरातदारही तेच असतात. खर्चात मात्र दुहेरीपणा असतो : दोन लेखा विभाग, दोन विधी विभाग, दोन मनुष्यबळ विभाग, दोन जाहिरात-विक्रीचे चमू, दोन तांत्रिक कक्ष, दोन ॲप. यांतला एक संच काढून टाकणे हीच पहिली आणि खात्रीची बचत असते. कार्यालयाची जागा सोडणे, सर्व्हरचे करार मोडणे यांतूनही पैसे वाचतात, पण मोठा वाटा पगाराचाच असतो.

ही बचत किती करावी लागेल, हे बहुतेक वेळा व्यवसायाच्या गरजेवर ठरत नाही, तर खरेदीच्या किमतीवर ठरते, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. डिस्नेने फॉक्सच्या मालमत्तेसाठी डिसेंबर २०१७ मध्ये सुमारे ५२.४ अब्ज डॉलरचा करार केला होता. कॉमकास्ट ही प्रतिस्पर्धी माध्यम कंपनी मध्ये पडली, बोली चढली, आणि शेवटी मार्च २०१९ मध्ये व्यवहार पूर्ण झाला तो ७१.३ अब्ज डॉलरच्या किमतीवर. वाढलेले १९ अब्ज डॉलर फॉक्सच्या भागधारकांच्या पदरात पडले. त्या पैशाने एकही नवा स्टुडिओ उभा राहिला नाही की एकही नवी मालिका निघाली नाही. डिस्नेने त्या वेळी दोन अब्ज डॉलरच्या खर्चबचतीचे आश्वासन दिले होते. आपल्या मुंबईतली स्टार इंडिया याच व्यवहारात डिस्नेकडे गेली, आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्सच्या व्हायकॉम१८बरोबर तिचे विलीनीकरण पूर्ण झाले. एकाच इमारतीत काम करणाऱ्या माणसांचा मालक सहा वर्षांच्या आत दोनदा बदलला, आणि त्या दोन्ही निर्णयांत त्या माणसांना काही विचारले गेले नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने टाइम वॉर्नर विकत घेतली तेव्हा दर शेअरला १०७.५० डॉलर मोजले; एकूण किंमत सुमारे ८५ अब्ज डॉलर, आणि व्यवहार पूर्ण झाला जून २०१८ मध्ये. चार वर्षेही झाली नव्हती तोच, एप्रिल २०२२ मध्ये, एटी अँड टीने तो व्यवसाय वेगळा काढून डिस्कव्हरीशी जोडला. त्यातून जन्मलेल्या वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी ५० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते, आणि गुंतवणूकदारांना तीन अब्ज डॉलरच्या बचतीचे वचन दिलेले होते. मग तिच्या सीएनएन या वृत्तवाहिनीची नवी स्ट्रीमिंग सेवा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच बंद झाली, जवळजवळ पूर्ण झालेला एक चित्रपट करसवलतीच्या हिशेबाने कायमचा कपाटात गेला, आणि नोकरकपातीच्या फेऱ्या एकामागून एक झाल्या. एवढे करूनही ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला आपल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या पुस्तकी मूल्यातून ९.१ अब्ज डॉलर कमी करावे लागले, आणि शेअरचा भाव स्थापनेच्या वेळच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आला.

म्हणून ‘भागधारक विरुद्ध कामगार’ ही मांडणी मला अपुरी वाटते. विकणाऱ्या कंपनीचा भागधारक रोख पैसे घेऊन बाहेर पडतो आणि बहुधा तोच खरा लाभार्थी असतो. विकत घेणाऱ्या कंपनीचा भागधारक आणि दोन्हीकडचा कामगार हे दोघेही मागे उरतात आणि कर्ज फेडत बसतात. फरक एवढाच की भागधारक शेअर विकून निघू शकतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाला आपले कौशल्य तसे दुसऱ्या बाजारात विकता येत नाही.

उत्तर : गिरणाकाठ (चाळीसगाव)

मी एका वाहिनीसमूहाच्या जाहिरात-वेळापत्रक विभागात बरीच वर्षे काम केले, म्हणून ताळेबंददादांनी सांगितलेली दुहेरीपणाची गोष्ट आतून कशी दिसते ते लिहिते.

आमचे काम म्हणजे कोणत्या मालिकेच्या कोणत्या विश्रांतीत कोणती जाहिरात किती सेकंद जाणार, याचे रोजचे वेळापत्रक बांधणे, आणि ती न गेल्यास जाहिरातदाराला भरपाईची वेळ देणे. विलीनीकरण जाहीर झाल्यावर पहिल्यांदा नव्या नेमणुका थांबतात. कोणी नोकरी सोडली तर ती जागा भरली जात नाही आणि तिचे काम उरलेल्यांत वाटले जाते. नंतर दोन्ही बाजूंच्या संगणक-प्रणाली एक करण्याचा प्रकल्प सुरू होतो, आणि ज्यांची जागा त्या प्रकल्पानंतर उरणार नाही त्यांनाच आपल्या कामाची सगळी माहिती टिपून द्यायला सांगितले जाते. मला त्यातली ही गोष्ट सर्वांत अपमानाची वाटली. पगार मिळत होता, वागणूकही सभ्य होती. पण आपण आपल्याच निरोपाची तयारी करीत आहोत हे प्रत्येकाला कळत होते आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

आणखी एक गोष्ट बातम्यांमध्ये येत नाही. कपातीचा जो आकडा छापून येतो तो कंपनीच्या पटावरच्या लोकांचा असतो. रिलायन्स आणि डिस्नेच्या विलीनीकरणानंतर मार्च २०२५ मध्ये आलेल्या बातम्यांत सुमारे ११०० जणांचा उल्लेख होता. परंतु कोणत्याही वाहिनीत संकलक, ग्राफिक्स करणारे, कॅमेऱ्यामागचे सहायक, रंगभूषाकार, चालक यांतले कितीतरी लोक मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या पटावर असतात किंवा निर्मिती संस्थेकडे मालिकेपुरते असतात. त्यांचा करार संपल्यावर पुढे वाढवला जात नाही, एवढेच. त्याला कपात म्हणत नाहीत, म्हणून तो आकडा कोठेच दिसत नाही.

आता मराठीपुरते पाहू. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या एके काळी एकमेकींशी चुरस करणाऱ्या वाहिन्या आज एकाच मालकाच्या घरात आहेत. लेखकाला एका वाहिनीने कथा नाकारली तर दुसरीचे दार ठोठावता येत असे, आणि मानधन ठरवताना हातात तेवढेच एक बळ होते. नोकरी गेलेल्या माणसालाही जवळचा पर्याय म्हणजे समोरची वाहिनी हाच होता. मालक एक झाल्यावर नोकरी एक जाते आणि ती परत मिळण्याची जागाही एक कमी होते, हे कोणत्याही बचतीच्या तक्त्यात मांडलेले मी पाहिले नाही.

उत्तर : तापीमाई (भुसावळ)

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत आणि त्यातील दुःख खरे आहे. तरीही एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ती मांडली नाही तर बोरीकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच राहील.

विलीनीकरण झाले नसते तर या नोकऱ्या टिकल्या असत्या, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. तसे दिसत नाही. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. दोन वर्षांहून अधिक काळ परवानग्या आणि वाद चालले, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने तो करार मोडला. विलीनीकरण फसले, म्हणून झीमधल्या नोकऱ्या वाचल्या का? त्यानंतर काही महिन्यांतच झीने मनुष्यबळ १५ टक्क्यांनी कमी करण्याचे जाहीर केले. प्रेक्षक मोबाइलकडे वळला आहे, केबल आणि डीटीएचची वर्गणी भरणारी घरे कमी होत आहेत, आणि जाहिरातीचा मोठा वाटा गूगल आणि मेटा यांच्याकडे जात आहे. अशा वेळी दोन दुबळ्या कंपन्या वेगवेगळ्या बुडण्यापेक्षा एक सबळ कंपनी उरलेल्यांना नोकरी देऊ शकत असेल, तर त्याला केवळ लोभ म्हणता येणार नाही. स्टार इंडिया आणि व्हायकॉम१८ एकत्र येऊन झालेल्या नव्या जिओस्टार कंपनीमध्ये रिलायन्सने ११,५०० कोटी रुपयांची भर घातली. हे पैसे कोणी धोका पत्करल्याशिवाय आले नाहीत, आणि धोका पत्करणारा भागधारकच असतो.

दुसरे असे की भागधारक म्हणजे केवळ मोठे शेठ नव्हेत. म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, विमा कंपन्या यांच्यामार्फत आपल्या रेल्वे वसाहतीतला निवृत्त फिटरही आज भागधारक आहे. त्याच्या म्हातारपणाची तरतूद त्या परताव्यावर आहे. कंपनीने केवळ नोकऱ्या टिकवण्यासाठी तोटा सोसत राहावे, असे सांगताना तो तोटा शेवटी कोणाच्या वाट्याला येतो, याचाही विचार व्हावा.

उत्तर : पांझराकाठ (धुळे)

मी कामगार खात्यातून निवृत्त झालो आहे. तापीमाई यांनी मांडलेल्या बाजूत तथ्य आहे, हे प्रथम मान्य करतो. बुडत्या धंद्यात कपात करावीच लागते, आणि कायद्यानेही ती कधी सरसकट बंद केलेली नाही. मला आक्षेप आहे तो निर्णयाच्या पद्धतीवर. ज्याचे थोडे पैसे गुंतले आहेत त्याला नोटीस मिळते, मूल्यांकन अहवाल मिळतो, मत मिळते. आणि ज्याचे सारे आयुष्य गुंतले आहे त्याला बातमी वर्तमानपत्रातून कळते.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ नुसार विलीनीकरणाची योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते. मतदान करणाऱ्या भागधारकांपैकी आणि धनकोंपैकी मूल्याने तीन-चतुर्थांश लोकांची संमती लागते. योजनेची नोटीस केंद्र सरकार, आयकर खाते, रिझर्व्ह बँक, सेबी, कंपनी निबंधक, शेअर बाजार, शासकीय परिसमापक आणि गरज असल्यास भारतीय स्पर्धा आयोग यांना पाठवावी लागते, आणि त्यांना म्हणणे मांडायला तीस दिवस मिळतात. या यादीत कामगार आयुक्तांचे नाव नाही. स्पर्धा आयोगाने रिलायन्स आणि डिस्नेच्या प्रकरणात क्रिकेटच्या जाहिरातींचा बारकाईने विचार केला, काही हमी घेतल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. जाहिरातदाराचे नुकसान होऊ नये, ही काळजी तेथे योग्यच होती. नोकऱ्यांचा विचार करणे मात्र त्या आयोगाच्या कामातच येत नाही. प्रत्येक संस्था आपापले काम चोख करते, आणि तरीही कामगाराचा प्रश्न विचारणारे एकही टेबल उरत नाही.

न्यायालयांनी कामगारांची बाजू कधीच ऐकली नाही, असेही नाही. कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग कामगार संघटनेच्या प्रकरणात बहुमताने सांगितले. १९८३ च्या निकालसंग्रहात ते प्रकरण आहे. पुढे टॉमको (टाटा ऑइल मिल्स) आणि हिंदुस्थान लिव्हरच्या विलीनीकरणाला कामगार संघटनांनी आव्हान दिले, तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवले. कामगारांच्या सेवाशर्ती राखल्या जात आहेत, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले. म्हणजे योजनेतला तोच एक परिच्छेद.

नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या संरक्षणाविषयीही लिहितो, कारण बोरीकाठ यांच्या भावाला त्याचा उपयोग होऊ शकेल. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हे प्रमाण कायम आहे, आणि त्याशिवाय मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे यासाठीच्या निधीत, भरायची आहे. कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याची अट मात्र कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरतीच आहे, आणि तीही आता शंभरऐवजी तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होते. वाहिनीचे कार्यालय त्यात बसत नाही. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा देखरेखीचे काम करून महिना १८,००० रुपयांहून अधिक घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतच येत नाही. माध्यमांत ज्याच्या हुद्द्यापुढे ‘मॅनेजर’ किंवा ‘प्रोड्युसर’ लिहिलेले असते, त्याचे प्रत्यक्ष काम हाताखाली एकही माणूस नसलेले असू शकते. अशा वेळी हुद्द्यावर जाऊ नये, कामाचे खरे स्वरूप काय होते याचे पुरावे जपून ठेवावेत. कामगार न्यायालये वर्षानुवर्षे कामाच्या स्वरूपाकडेच पाहत आली आहेत. राजीनाम्याच्या मसुद्यावर घाईने सही करू नये. स्वेच्छेने राजीनामा दिला असे एकदा कागदावर आले की पुढची लढाई फार कठीण होते.

उत्तर : सातपुडा पायथा (शहादा)

मी येथे अनेक वर्षे वार्ताहर म्हणून काम केले आहे. चर्चा वाहिन्यांभोवती फिरते आहे, पण वर्तमानपत्रांकडेही पाहायला हवे, कारण आमच्या भागाला त्याची झळ आधी लागते.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराला कपातीच्या वेळी विशेष संरक्षण दिले होते : संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर श्रमिक पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस. पत्रकारांचे वेतन ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, आणि २०१७ मध्ये कंत्राटी पत्रकारांनाही त्या लागू आहेत असे स्पष्ट केले. एवढे सगळे कागदावर असताना तालुक्याच्या गावचा वार्ताहर कोठे होता? तो बातमीमागे मिळणाऱ्या पैशांवर आणि जाहिरातीच्या दलालीवर जगत होता, आणि कोणत्याही पटावर त्याचे नाव नव्हते. गिरणाकाठताईंनी ज्या न मोजलेल्या माणसांविषयी लिहिले, त्यांच्यात आमचीही गणना करावी.

अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये गेटहाउस आणि गॅनेट या दोन मोठ्या वृत्तपत्रसाखळ्या एकत्र आल्या. त्यासाठी अपोलो या गुंतवणूक संस्थेकडून सुमारे १.८ अब्ज डॉलरचे कर्ज साडेअकरा टक्के व्याजाने घेतले गेले. वृत्तपत्राचा घटता धंदा साडेअकरा टक्के व्याज कोठून देणार? पुढच्या तीन-चार वर्षांत तेथील मनुष्यबळ निम्म्याच्या आसपास आले. अनेक गावांची वृत्तपत्रे नावाला उरली. आत बातमी दुसऱ्याच गावची. ताळेबंद साहेबांनी किमतीविषयी जे लिहिले तेच येथे व्याजाविषयी म्हणता येईल.

आपल्याकडे जिल्हा आवृत्तीची पाने कमी होतात, दोन जिल्ह्यांची मिळून एक आवृत्ती निघते, पानांची जुळवणी दुसऱ्या शहरातून होते, आणि मग धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावर रस्ता नसल्यामुळे रुग्णाला बांबूच्या झोळीतून न्यावे लागले, ही बातमी चौथ्या पानावरच्या दोन ओळी होते किंवा येतच नाही. अहिराणीतून किंवा भिलीतून बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे समजून घेणारा माणूस डेस्कवर नसेल, तर ते म्हणणे बातमीत कसे येणार? माध्यम कंपनी इतर कारखान्यांसारखी नाही, असे मी म्हणतो ते याच कारणाने. साबणाच्या कंपनीत शंभर माणसे कमी झाली तरी साबण तोच राहतो. वार्ताहर कमी झाला की बातमीच नाहीशी होते, आणि ती नाहीशी झाल्याचे वाचकाला कधी कळतही नाही.

तापीमाई, निवृत्त फिटरच्या निधीचे आपण जे लिहिले ते मला पटले. पण त्याच फिटरला आपल्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे वाचायचे असते. त्याचे हे दुसरे हित कोणत्याही भागधारक सभेत मांडले जात नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. भावाला पांझराकाठ अप्पांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला आहे. त्याने अजून कोणत्याही कागदावर सही केलेली नाही, आणि आता करणारही नाही.

माझे दोन प्रश्न उरतात. संचालक मंडळ भागधारकाच्या नफ्याखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करायला कायद्याने बांधलेले आहे का? आणि लहान भागधारकाने योजनेला विरोध नोंदवला तर त्याची दखल कोणी घेते का?

ताळेबंद (जळगाव)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असते. कंपनी कायद्याचे कलम १६६, पोटकलम २, संचालकांची कर्तव्ये सांगताना सभासदांबरोबरच कंपनी, तिचे कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचा स्पष्ट उल्लेख करते. म्हणजे भागधारकाचा नफा हेच संचालकाचे एकमेव कर्तव्य, हा समज आपल्या कायद्याला धरून नाही. अमेरिकेतसुद्धा तो सरसकट खरा नाही. १९८९ मध्ये पॅरामाउंटने टाइम कंपनीच्या भागधारकांना दर शेअरला २०० डॉलर देऊ केले होते. टाइमच्या संचालकांनी ते नाकारून वॉर्नरशी हातमिळवणी केली, आपल्या पत्रकारितेची स्वायत्तता हेही एक कारण पुढे केले, आणि डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने संचालकांचा तो अधिकार मान्य केला. त्याच टाइम वॉर्नरने २००० साली एओएल या इंटरनेट कंपनीशी विलीनीकरण जाहीर केले आणि २००२ या एका वर्षात जवळजवळ ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. तेव्हा संचालकांना मोकळीक दिली की ते शहाणपणाने वागतातच, असे मात्र मी म्हणणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कमी समाधानाचे आहे. न्यायाधिकरणापुढे योजनेवर आक्षेप घेण्यासाठी किमान दहा टक्के भागभांडवल किंवा पाच टक्के थकीत कर्ज हाती असावे लागते, त्यामुळे तो मार्ग आपल्याला बंद आहे. पण विरोधी मत देता येते आणि सभेत प्रश्न विचारता येतो. विलीनीकरणाविषयीच्या २०१६ च्या नियमांत सहाव्या नियमानुसार नोटिशीसोबतच्या निवेदनात योजनेचा कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होईल हे सांगणे बंधनकारक आहे. आपल्याला नोटिशीत दिसलेला तो एक परिच्छेद याच नियमाची पूर्तता म्हणून लिहिला जातो. म्हणून प्रश्न तेथेच विचारावा : गुंतवणूकदारांना सांगितलेल्या बचतीपैकी किती रक्कम वेतनखर्चातून येणार आहे, पहिल्या चोवीस महिन्यांत किती जागा कमी होणार आहेत, आणि ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांचा त्या आकड्यात समावेश आहे की नाही? उत्तर लेखी मागावे. आणि मूल्यांकन अहवालासोबत खरेदीसाठी किती कर्ज काढले जात आहे, याचे पान आधी वाचावे. मत कोणते द्यायचे हे मला बहुतेक वेळा त्या पानावरच कळते.

तापीमाई (भुसावळ)

हे तीन प्रश्न विचारायला माझीही हरकत नाही, उलट गुंतवणूकदार म्हणून मलाही त्यांची उत्तरे हवी आहेत. जो व्यवस्थापक वेतनखर्चाचा आकडा सांगू शकत नाही, त्याने बचतीचा आकडा कशाच्या आधारे सांगितला, हा प्रश्न मी नफ्याच्या बाजूने विचारीन. डिसेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने वॉर्नर ब्रदर्ससाठीचा करार जाहीर करताना तिसऱ्या वर्षापर्यंत दरसाल दोन ते तीन अब्ज डॉलरची बचत होईल असे सांगितले होते. असे आकडे ऐकले की मी आजवर केवळ शेअरचा भाव पाहत असे.

पांझराकाठ (धुळे)

ताळेबंद साहेबांच्या यादीत एका मागणीची भर घालतो. कलम २३० मध्ये ज्यांना नोटीस जाते त्यांत ‘संबंधित क्षेत्रातील इतर नियामक किंवा प्राधिकरणे’ असेही शब्द आहेत. कामगार आयुक्तांना त्या शब्दांखाली नोटीस पाठवण्याची विनंती न्यायाधिकरणाकडे करण्यास कामगार संघटनांना कोणी अडवलेले नाही. जर्मनीत दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींना देणारा कायदा १९७६ पासून आहे, पण तेथेही वृत्तपत्रे आणि इतर माध्यम कंपन्यांना संपादकीय स्वातंत्र्याच्या कारणाने त्यातून वगळले आहे. म्हणून माध्यमांतल्या कामगारांसाठी परदेशातला तयार कायदा उचलून आणता येणार नाही. आपल्याला येथेच मार्ग काढावा लागेल, आणि त्याची सुरुवात आयुक्तांच्या टेबलावर योजनेची एक प्रत पोहोचण्यापासून होऊ शकते. बोरीकाठ, भावाच्या नेमणूकपत्राची प्रत, शेवटच्या बारा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या आणि रोजच्या कामाचे ई-मेल एकत्र करून ठेवायला सांगा. कंपनीचा ई-मेल बंद होण्यापूर्वी हे व्हायला हवे.